अक्षता घेऊन सिनेमाला

जगात आजवर एकच गोष्ट सांगितली गेली आहे आणि ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माहेरी सायखेड्याला, परकरात असतानाच, पुरती ऐकून ठेवली आहे. तेव्हापासून देशोदेशीचे दिग्दर्शक अमाप पैसा ओतून, बर्फाच्या डोंगरांवर तंबू ठोकून, कॉम्प्युटरवर राक्षस उभे करून जे काही सिनेमे काढतात, ते सगळे ती गोष्ट त्यांना नीट आठवत नाही म्हणून काढतात, असं काकूंचं मत आहे. "आठवण कमी पडते त्यांची," असं त्या एकदा मला समजुतीच्या सुरात म्हणाल्या होत्या. "नाहीतर एक राक्षस मारायला अडीच तास कशाला लागतात? आमच्याकडं तो समईतलं तेल संपायच्या आत मरायचा." राक्षस मारायला नेमका किती वेळ लागावा याबद्दल मला स्वतःचं असं मत नाही.

या काकू माझ्या कोणी लागत नाहीत. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या तिसऱ्या, एवढंच आमचं नातं. मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. पण काकूंच्या लेखी शिकवणारा तो मास्तर, त्यामुळे मी मास्तर. माझं कॉलेज दुपारचं असतं, मला मोबाइलवर तिकीट काढता येतं आणि माझी गाडी बहुतेक वेळा चालू होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी माझी निवड केली. माझ्या बायकोलाही त्यांनी नेऊन पाहिलं होतं, पण ती पहिल्याच सिनेमात राजाच्या राज्याभिषेकाला झोपली आणि काकूंनी तिचं नाव कायमचं कमी केलं. तेव्हापासून सकाळचा खेळ, मधली रांग आणि काकूंच्या डाव्या हाताची खुर्ची हे माझ्या नशिबी आलं. मला या सिनेमांची आवड होती असं नाही. आजही आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

काकूंना फक्त जादूचे सिनेमे चालतात. उडता घोडा, बोलणारं झाड, आग ओकणारा प्राणी, शाप लागलेला राजवाडा, यांतल्या निदान दोन गोष्टी जाहिरातीत दिसल्याशिवाय तिकीट काढायचं नाही अशी मला ताकीद आहे. कौटुंबिक सिनेमा त्यांना वर्ज्य. "रडायला तिकीट कशाला काढायचं," त्या म्हणतात, "ते घरबसल्या होतं की." इंग्रजी सिनेमा हिंदीत आला तर बरा, नाही आला तरी त्यांचं अडत नाही, कारण त्या संवाद ऐकतच नाहीत. पडद्यावर माणूस आला की त्या त्याला नुसतं नीट पाहून घेतात आणि लग्नाच्या मांडवात लांबचा नातेवाईक ओळखावा तसं ओळखतात. पांढऱ्या दाढीचा जादूगार धुक्यातून चालत आला की म्हणायचं, "हा देव. ब्राह्मणाच्या रूपात आलाय. काठी तेवढी वेगळी." चिंध्या नेसून लाकडं फोडणारी मुलगी दिसली की, "नावडतीची लेक. राजवाडा हिचाच आहे, तिला अजून सांगितलं नाही कोणी." तीन भाऊ घोड्यांवरून निघाले की, "थोरले दोघं वाटेत घोळ घालणार, धाकटा निस्तरणार." आणि कुण्या म्हाताऱ्याने नायकाला बजावलं, की बाबा रे, सगळीकडे जा पण त्या दाराकडे जाऊ नको, की काकू खुर्चीत मागे टेकून अगदी निवांत होतात. "आमच्याकडं ती चौथी दिशा होती," त्या म्हणतात. "जाणारच. नाही गेला तर गोष्ट कशी व्हायची?"

हे सगळं त्या कुजबुजत नाहीत. लहानपणी सायखेड्याला श्रावणात आळीतल्या बायका दुपारच्या जमायच्या, तेव्हा खणखणीत आवाजाची म्हणून कहाणी वाचायचं काम यांच्याकडे असे, आणि तो आवाज अजून तसाच आहे. एकदा पुढच्या रांगेतला एक तरुण वैतागून मागे वळला आणि म्हणाला, "काकू, सगळा सस्पेन्स घालवताय तुम्ही." काकू त्याला म्हणाल्या, "अरे दादा, पंगतीत जिलबी आहे हे आधी कळलं म्हणून कोणी पानावरून उठतं का?" तो पुढे वळला. मध्यंतरात मात्र तो पॉपकॉर्न घेऊन परत आला तो थेट आमच्याकडे, आणि ती निळ्या डोळ्यांची मुलगी जगते का, असं त्याने हळूच विचारलं. काकूंनी त्याला धीर दिला. त्या नेहमी बरोबरच येतात असं मात्र नाही. एका सिनेमात शेवटी थोरल्या भावानेच राक्षस मारला आणि गादीवरही तोच बसला.  इमारतीच्या फाटकाशी गाडी लागली तेव्हा काकू म्हणाल्या, "लिहिणारा घरात थोरला असणार."

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न अक्षतांचा. कहाणी ऐकताना हातात चिमूटभर अक्षता घ्यायच्या, मूठ मिटायची, कहाणी पुरी होईपर्यंत ती उघडायची नाही आणि मध्येच उठायचं नाही. कहाणी संपली की अक्षता देवाला वाहून हात मोकळे करायचे, ही त्यांच्या आळीतली रीत. काकूंचं म्हणणं असं, की गोष्ट पाटावर बसून ऐकली काय आणि गारेगार खुर्चीत बसून पाहिली काय, रीत ती रीत. म्हणून त्या पर्समध्ये कुंकू लावलेल्या तांदळाची पुडी घेऊन सिनेमाला येतात. कॉलेज रोडच्या त्या चकचकीत थिएटरात दाराशी पर्सा तपासतात. पहिल्यांदा तिथल्या बाईंनी पुडी उघडली, हुंगली आणि म्हणाल्या, "मावशी, बाहेरचं खायचं आत नेता येत नाय."

"हे खायचं नाही, ऐकायचं आहे," काकू म्हणाल्या.

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं पोस्टर वाचू लागलो. शेवटी मॅनेजर आले, त्यांना सगळी रीत सुरुवातीपासून सांगण्यात आली, मागे रांग लागली आणि त्यांनी तांदूळ खाद्यपदार्थ नाही असा निर्णय दिला. आता त्या दारावरच्या बाई पुडी न उघडताच आत सोडतात, आणि एकदा त्यांनी आपल्या लेकीच्या परीक्षेसाठी त्यातल्या चार अक्षता मागूनही घेतल्या.

अक्षता मुठीत असल्या की उठणं नाही, हे ओघाने आलंच. मध्यंतरात सगळं थिएटर पाय मोकळे करायला जातं, काकू जागच्या हलत नाहीत, आणि मी हललो तर त्यांना आवडत नाही. पुष्कळदा मी चहाची तल्लफ आणि इतर गरजा दाबून सिनेमाचा उत्तरार्ध पाहिलेला आहे. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी त्या पडद्यावरून सरकणारी नावं शेवटपर्यंत पाहतात. "एवढ्या माणसांनी मिळून सांगितली, त्यांना तोंडावर उठून जायचं का," असा त्यांचा सवाल असतो. झाडू घेतलेली माणसं कडेला ताटकळत उभी राहतात. मग काळ्या पडद्यावर शेवटचं नाव जातं, काकू मूठ उघडतात, अक्षता रुमालात घेतात आणि घरी जाऊन देव्हाऱ्यात वाहतात. तेव्हा कुठे तो सिनेमा संपला असं धरायचं.

काका या भानगडीत कधीच पडले नाहीत. ते ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटा भाग हातात घ्यायचा, चारी बाजूंनी पाहायचा आणि खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, हे काम त्यांनी हयातभर केलं. निवृत्तीनंतर तीच नजर ते भाजीला, औषधांना आणि बायकोच्या बोलण्याला लावतात. "उडणाऱ्या वस्तू पुष्कळ पाहिल्या मी," ते मला म्हणाले होते. "त्या उतरतात कशा ते दाखवत असतील तर येतो." पण दुपारी जेवणं झाली की काकू त्यांना सकाळचा सिनेमा पहिल्यापासून सांगतात, आणि काका वर्तमानपत्राआडून ऐकतात. आमच्या बाल्कनीत ते स्वच्छ ऐकू येतं.

"पंख केवढे म्हणालीस?"

"असतील वीस-पंचवीस हात."

"आणि वर माणसं किती?"

"सातजण. आणि एक बोकड."

"नाही उडणार."

"उडला की. मी पाहिला."

"मग तपासणी न करता सोडला असणार."

एकदा काही निमित्ताने मी वर गेलो तेव्हा हाच कार्यक्रम चालला होता. काका वर्तमानपत्राचं जे पान समोर धरून बसले होते ते छोट्या जाहिरातींचं होतं आणि मी असेपर्यंत ते पान उलटलं गेलं नाही. मुलगा-सून बंगळुरूला, घरात दोघंच. त्यांचं बरं चाललं होतं.

तीनेक वर्षांपूर्वी असाच एक सिनेमा आला. राजकुमाराची आई शापाने दगड झालेली असते, आणि ज्याने शाप दिला त्या काळोखाच्या राजाचा जीव एका काचेच्या पक्ष्यात असतो. काचेचा पक्षी दिसताक्षणी काकूंनी "पोपट" एवढंच म्हणून समाधानाने मान डोलावली होती. मध्यंतर होऊन गेलं होतं. राजकुमार दरीवरच्या दोराच्या पुलावर अर्ध्यात होता, तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. बायकोचा होता. काका जिन्यात छातीला हात लावून खाली बसले, वॉचमनच्या मदतीने तिने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलंय, आत नेलंय, ताबडतोब या. मी ते काकूंच्या कानाशी वाकून सांगितलं. काकूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना गोष्टीच्या मध्यात उठताना पाहिलं नव्हतं, आणि त्याही क्षणी त्या उठतील की नाही याची मला खात्री नव्हती. मग त्या उठल्या. रांगेतल्या लोकांच्या पायांवरून पाय काढत रांगेबाहेर पडताना त्यांनी एकदाच मागे वळून त्या पुलाकडे पाहिलं.

 कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला मी पाहिलं, काकूंची उजवी मूठ मांडीवर तशीच मिटलेली होती. मी काच खाली केली आणि म्हणालो, "काकू, टाकून द्या आता." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने काच वर घेतली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आता घरोघरी पाठ असतं. रक्तवाहिनी बंद होती, ती उघडली, पण हृदय दमलंय, पुढचे दोन दिवस काढले पाहिजेत. मुलगा मिळेल त्या विमानाने निघाला होता. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. चहा डाव्या हाताने प्यायल्या. काकांना भेटायला आत सोडण्याआधी नर्सने हात धुवायला लावले, तेव्हा त्यांनी अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या, हात धुतले आणि बाहेर येऊन ती गाठच मुठीत धरून बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी अर्ध्यात उठले, मास्तर. कहाणी तिथंच लटकत राहिली." एरवी नाशिकचं नीटनेटकं बोलणाऱ्या काकू पुढे म्हणाल्या, "लय वाईट केलं मी."

एका गोष्टीपाठोपाठ दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी दर वर्षी मुलांना उदाहरणं देऊन शिकवतो. शिवाय इथे तर आधी काका पडले होते आणि मग काकू उठल्या होत्या. हे सांगायला माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या बाकावर मला ते शिकवावंसं वाटलं नाही.

"उद्या सकाळी तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "पुढचं बघून या आणि मला सांगा. गाळू नका काही."

त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारचे लोक दवाखान्यात डबे पोचवत असताना, मी एकटा सिनेमाला गेलो. दारावरच्या बाईंनी "मावशी नाय आल्या?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. आधी पाहिलेला भाग मी नुसता बसून काढला, आणि दोराचा पूल आल्यावर सरसावून बसलो. आजवर मी हे सिनेमे घड्याळ बघत पाहिले होते. त्या दिवशी मात्र पुलाची एक-एक फळी तुटत होती आणि माझ्या तळव्यांना घाम फुटत होता. कॉम्प्युटरवर काढलेल्या पुलावरच्या एका पोराने जगावं म्हणून मी मनापासून प्रार्थना करत होतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पूल तुटला. राजकुमाराने कड्याला एका हाताने धरलं, काचेचा पक्षी काळोखाच्या राजाच्या हातातच होता, खाली दरी, वर तो हसतोय, आणि पडदा काळा झाला. मला वाटलं मशीन बिघडलं. मग अक्षरं उमटली, की उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात. नावं संपेपर्यंत मी बसून राहिलो, पुढे काही निघेल म्हणून. काही निघालं नाही.

तशा या सिनेमांच्या मालिका असतात हे काकूंनाही माहीत होतं, पण प्रत्येक भागात एखादा तरी राक्षस मरायचा आणि तेवढ्यावर त्यांचं भागायचं. असा उघड्यावर टाकलेला सिनेमा आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, आणि तोही नेमका त्या दिवशी. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मी एक शेवट रचून पाहिला: पक्षी फुटतो, आई दगडातून उठते, राज्यात साखर वाटतात. रचायला अवघड नव्हता. पण ज्या बाईला जगातली एकुलती एक गोष्ट तोंडपाठ आहे, तिला माझ्यासारख्याने बनावट शेवट विकायचा म्हणजे सोनाराला पितळ दाखवण्यापैकी होतं. मी होतं तसं सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मेला नाही तो?"

"नाही. लटकतोय."

"आणि पुढचं कधी दाखवणार?"

"दोन वर्षं तरी जातील, काकू. कदाचित जास्तच. हे लोक वेळ लावतात."

त्या पदराच्या गाठीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळत आल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. "मग बरंय," त्या म्हणाल्या. "अक्षता हातात आहेत आणि कहाणी चालू आहे, तोवर ऐकणारणीच्या घरी वाईट होत नसतं. दोन वर्षं तरी यांना काही होत नाही." असं म्हणून त्या उठल्या, माझ्या बायकोला म्हणाल्या, "डब्यात काय आणलंयस?" आणि आदल्या सकाळपासून पहिल्यांदाच पोटभर जेवल्या.

काका घरी आले. डॉक्टर त्याचं श्रेय गोळ्यांना देतात आणि माझीही तीच समजूत आहे. काका आता जिना चढताना आमच्या मजल्यावर थांबून दम घेतात, संध्याकाळी हळूहळू चालून येतात, आणि दुपारी उडत्या घोड्यांचं वजन विचारतात. आम्ही नंतर पुष्कळ सिनेमे पाहिले, पुष्कळ राक्षस मारले, त्यांच्या त्यांच्या अक्षता देवाला पोचल्या. त्या एका सिनेमाच्या अक्षता तेवढ्या काकूंनी देव्हाऱ्यात वाहिल्या नाहीत, डबीत घालून बाजूला ठेवल्या. त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाच्या बातम्या मी वाचत असे. नायकाचा पाय मोडला, चित्रीकरण थांबलं. मग दिग्दर्शकाचं निर्मात्याशी बिनसलं. तारीख पुढे गेली की मी वर जाऊन सांगायचो, आणि संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर शिरा यायचा. "देव त्यांना अशीच बुद्धी देवो," काकू म्हणायच्या. जगात त्या सिनेमाची वाट पाहणाऱ्या लाखो लोकांत तो येऊ नये म्हणून शिरा करणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात.

मध्यंतरी काका दम घ्यायला आमच्या दाराशी थांबले असताना त्यांनी आधी जिन्यात वर पाहिलं आणि मग मला विचारलं, "मास्तर, त्या दुसऱ्या भागाचं काही कळलं?"

"या वर्षाअखेर आणतील म्हणतात."

"असल्या कामात घाई करू नये," काका म्हणाले. "नीट तपासून मगच सोडावं." थोडा श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "तारीख लागली तर आधी मला सांगा. तिला नको. मला त्यातलं काही पटत नाही, पण तिला उगाच घोर लागतो."

गेल्या आठवड्यात तारीख लागली. कॅनडा कॉर्नरला चौकातल्या इमारतीवर भलंमोठं पोस्टर चढलं आहे: कड्याला लटकलेला राजकुमार आणि खाली ठळक अक्षरांत दिवस. मी काकांना जिन्यातच सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि ते नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ थांबले. परवा काकूंना दाताच्या डॉक्टरांकडे सोडायचं होतं. मी चौक टाळून मागच्या गल्ल्यांतून गाडी काढली. दोन वळणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, आज इकडून?"

"तिकडं खोदून ठेवलंय, काकू," मी म्हणालो. कुंभमेळ्याच्या तयारीत अर्धं नाशिक खोदलेलं आहे, त्यामुळे हे कोणत्याही रस्त्याबद्दल म्हणता येतं.

काकू खिडकीतून बाहेर पाहत होत्या. "हेही काल तेच म्हणाले," त्या म्हणाल्या. "भाजीला निघालो तर चालत एवढ्या लांबून फिरवून आणलं. दम लागत होता, तरी."

 गल्ली अरुंद होती आणि समोरून एक टेम्पो येत होता. तो जाईपर्यंत मी गाडी कडेला घेतली.

"खोदू दे," काकू म्हणाल्या. "सावकाश खोदू दे. आपल्याला कुठं घाई आहे."